हार्वर्डचा स्टॅट ११०: फुकट आहे, पण सोपा नाही

ज्यो ब्लिट्झस्टाइन यांच्या या संभाव्यतेच्या (प्रोबॅबिलिटी) कोर्सची ३४ व्याख्यानं यूट्यूबवर मोफत आहेत, प्रत्येक साधारण पन्नास मिनिटांचं. सरावाची गणितं आणि उत्तरं कोर्सच्या साइटवर मिळतात. खरा माल तिथेच आहे. नुसते व्हिडिओ बघून सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पेपर समोर आला की हात थांबतो.

कोर्सची जान म्हणजे इंडिकेटर चल, म्हणजे घटना घडली तर १, नाही तर ० असा चल. n पत्ते पिसले, तर सरासरी किती पत्ते आपापल्या क्रमांकाच्या जागी पडतील? प्रत्येक पत्त्याची शक्यता १/n, असे n पत्ते, म्हणून उत्तर १. पत्ते एकमेकांवर अवलंबून असले तरी बेरीज चालते. गोची पुढे, व्हेरियन्सला होते, म्हणजे उत्तर सरासरीपासून किती पसरतं ते मोजताना. तिथेही नुसती बेरीज केली तर दोन पत्त्यांसाठी १/२ येतं. प्रत्यक्षात दोन्ही जुळतात किंवा एकही नाही, म्हणजे व्हेरियन्स १. राहिलेला अर्धा कोव्हेरियन्सचा, म्हणजे पत्त्यांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधाचा, आणि बहुतेक जण तोच विसरतात.

बारावीचं कॅल्क्युलस पुरत नाही. दुहेरी इंटिग्रल आधी घोटून घ्या, शेवटच्या मार्कोव्ह साखळ्यांसाठी (पुढची पायरी फक्त आत्ताच्या स्थितीवर ठरते अशा प्रक्रिया) मॅट्रिक्सचा गुणाकारही. मेझर थिअरी (measure theory, संभाव्यतेचा काटेकोर गणिती पाया) इथे नाही, त्यामुळे एमएस्सीवाल्यांना हा अपुरा पडेल. मोजणीचे (क्रमचय-संचय) सुरुवातीचे तास मात्र अकरावी-बारावीत झालंय म्हणून उडवू नका.

गणितं सोडवताना आधी उत्तरं उघडायची नाहीत. अडलात तर n=२ किंवा ३ घेऊन सगळ्या शक्यता कागदावर लिहून काढा.