मुरघास की पेंढा? चार जनावरांच्या गोठ्यासाठी

काजूचा हंगाम उतरणीला लागला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोठा असलेली दोन माणसं भेटली की एकच विषय, यंदा पावसाची वैरण काय केलीस. हल्ली त्यात आणखी एक प्रश्न घुसलाय, मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या मक्याच्या, बॅगा घ्याव्यात की आपला पेंढाच बरा. परवा एकानं मला वाळपईच्या बाजारात हेच विचारलं, त्याच्याकडे दोन जर्सी क्रॉस, म्हणजे संकरित गायी आहेत आणि तिसरी घ्यायचा विचार आहे, मी उभ्या उभ्या काहीतरी अर्धवट सांगितलं आणि घरी आल्यावर वाटलं की नीट लिहून काढूया. मी दोन्ही करून बसलोय. आधी जन्मभर पेंढा, मग तीन पावसाळे मुरघास, आणि आता काय ते पुढे येईलच.

माझ्याकडे चार जनावरं. दोन जर्सी क्रॉस, एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस आणि एक गावठी पांढरी, जिच्या जातीला २०२० साली श्वेतकपिला म्हणून नोंदणी मिळाली. आमची आई अजून तिला 'गावठी'च म्हणते आणि गायीला त्याचं काही वाटत नाही. सगळं बघणारा मी, मदतीला आई आणि बायको, कामाला माणूस नाही. हे मुद्दाम सांगतो कारण दहा-पंधरा गायी आणि एक कायमचा गडी असलेल्यानं माझं ऐकू नये, त्याचं गणित वेगळं.

आणि एक, आपल्याकडे वैरणीची अडचण थंडीत नसते, पावसात असते. माझा एक आतेभाऊ कॅनडात आल्बर्टाकडे मांसाच्या गायींच्या फार्मवर दोन हिवाळे कामाला होता, तो सांगतो तिकडे उणे वीसमध्ये गायी उघड्यावर उभ्या असतात, पाठीवर बर्फ साचतो आणि वितळत नाही, म्हणजे आतली ऊब बाहेर जात नाही म्हणून मालक खूश. दाट सुके केस असले की गाय उणे सातपर्यंत मजेत असते, पण तीच गाय भिजली की पंधरा अंशालाच तिला थंडी बाधते आणि खाणं वाढवावं लागतं. मी म्हटलं बाबा, आमच्याकडे थंडी नाही पण भिजणं चार महिने आहे, गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आमच्या वाळपईकडे त्याहून जास्त. त्यांचा उपाय काय तर सुकं गवत, पेंढा जास्त टाका आणि संध्याकाळी टाका, कारण चोथ्याची वैरण पोटात मुरताना उष्णता होते आणि ती रात्रभर पुरते. आपल्याकडे हे उलट लक्षात ठेवायचं, एप्रिल-मेच्या दुपारी पेंढा टाकला तर गाय धापा टाकत उभी राहते, म्हणून उन्हाळ्यात पेंढा रात्रीच. पावसात कधीही.

आता मुरघास. मका चिकात आला की कापायचा, बारीक कुट्टी, हवा राहणार नाही असा दाबून भरायचा आणि दीड महिना बंद, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे एवढा मका करायला सपाट जागा कुणाकडे आहे, त्यामुळे बॅगा घाटावरूनच येतात, चोर्ला घाटाच्या रस्त्यानं. चांगला मुरघास आला तर काय सांगू, पिवळट हिरवा, आंबोळीच्या पिठासारखा आंबूस वास, आणि गायी दाव्याला हिसके द्यायला लागतात. दूध वाढतं यात वाद नाही. मी काही मोजमाप ठेवलेलं नाही पण तीच किटली, तीच गाय आणि किटलीत दोन बोटं जास्त, हे पहिल्या पंधरवड्यातच दिसलं. पेंडही थोडी कमी लागते कारण मक्याचे दाणे आतच असतात. विणलेल्या गायीला पहिले दोन-तीन महिने याच्यासारखं काही नाही, हे मी आजही म्हणतो.

फक्त दर बघताना एक गोष्ट विसरू नका. मला घरपोच किलोला आठ रुपये पडला होता, ऐकायला स्वस्त, पण त्यात दोन तृतीयांश पाणी असतं. म्हणजे सुका माल किलोला चोवीस रुपये झाला. पेंढ्यात पाणी जेमतेम दहा टक्के. अर्थात मुरघासातल्या एक किलो सुक्या मालात जो दम आहे तो पेंढ्यात नाही, तेव्हा ही तुलना तशी अन्यायाचीच, पण ट्रकभाडं आपण पाण्याचं पण भरतो एवढं डोक्यात असू द्या.

पेंढ्याचं काय, तो नुसता असेल तर पोट भरायचं साधन. प्रथिनं तीन-चार टक्के, वर भाताच्या पेंढ्यात सिलिका आणि ऑक्झलेट, ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून मिनरल मिक्श्चर चुकवायचं नाही. नुसत्या पेंढ्यावर दुभती गाय ठेवणाऱ्यानं दुधाची तक्रार करू नये. पण युरिया करून ठेवला तर गोष्ट बदलते. शंभर किलो पेंढा, चार किलो युरिया, पन्नासेक लिटर पाणी, थरावर थर शिंपडत पायांनी तुडवायचं, प्लास्टिक घालून तीन आठवडे बंद. प्रथिनं सात-आठ टक्क्यांवर जातात आणि पेंढा मऊ पडतो. उघडल्यावर डोळ्यांतून पाणी काढणारा वास येतो, तो तासभर उडू द्यायचा आणि मग घालायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नाही. आणि युरियाच्या पाण्याची बादली जनावर पोचेल अशी कुठेही ठेवायची नाही, ते विष आहे, यात मस्करी नाही. मी हे काम एप्रिलात मांगराच्या, म्हणजे शेतघराच्या, एका कोपऱ्यात करतो, दोन दिवस कंबर मोडते आणि वर्षभराची शिवी एकदाच देऊन होते.

बरं, पावसात हिरवं तर भरपूर असतं मग पेंढा कशाला असं नवीन लोक विचारतात. जुलैचं गवत म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, गाय पोटभर खाते, पातळ शेण घालते आणि फॅट उतरते, सोसायटीत मशीन दाखवतं तेव्हा तोंड वाईट होतं. त्याच गायीला दिवसाला तीन-चार किलो सुका पेंढा घाला, दोन-तीन दिवसांत शेण बांधून येतं आणि फॅट पण हळूहळू वर. मुरघासानं हे होत नाही असं नाही, पण कुट्टी बारीक असली तर कमी होतं. म्हणजे मुरघास घेणाऱ्यालाही थोडा पेंढा लागतोच, हे बॅगा विकणारा सांगत नाही.

आता माझं जे दुखणं ते सांगतो, बॅगेचं तोंड.

बाकी सगळं चालवून घेतलं असतं. पहिल्या वर्षी मी सहाशे किलोच्या मोठ्या बॅगा घेतल्या कारण किलोमागे स्वस्त. दुभत्या तीन, प्रत्येकीला दहा किलो, म्हणजे एक बॅग संपायला वीस दिवस. आता उघडलेला मुरघास म्हणजे हवा लागली की तापायला सुरुवात, आणि आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत तर विचारूच नका. रोज वरचा अख्खा थर सारखा काढायचा, खड्डा पाडायचा नाही, काढून झालं की आतलं प्लास्टिक मालावर चेपून बसवायचं, हातानं हवा हाकलायची, पिळायचं, दोरीनं आवळायचं. दिवसातून दोनदा. हात ओले, दोरी ओली, डोक्यावर पत्रा वाजतोय आणि गायी ओरडतायत. ते दोन मिनिटांचं काम आहे, मी मान्य करतो. पण ते दोन मिनिटांचं काम दुसऱ्या कुणाकडून होत नाही. आईच्या बोटांत जोर नाही, बायको बांधते पण हवा ठेवून बांधते, आणि मी बोललो की उद्यापासून तूच बांध.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. सासुरवाड पेडण्याला, दीड दिवसासाठी सगळेच गेलो, गोठा शेजारच्या मुलाला सांगितला. मुलगा चांगला, वेळेवर शेण काढलं, पाणी दिलं, वैरण घातली. बॅगेचं तोंड मात्र नुसतं दुमडून वर एक चिरा ठेवला, त्याच्या दृष्टीनं बंदच केलं की. परत येऊन मी आत हात घातला तर कोपरापर्यंत गरम, जणू काल कुणी चूल विझवून ठेवली असावी. आंबोळीचा वास गेलेला आणि बोंडू कुजल्यावर काजूच्या बागेत येतो तसला वास, वर पांढरी बुरशी, कापसासारखी, ती खरवडली तर खाली हिरवी. जर्सींनी हुंगून मान फिरवली. एचएफ अधाशी, मुलानं सकाळी घातलेलं तिनं खाल्लं होतं, तर दोन दिवस पातळ शेण आणि दूध निम्म्यावर. बुरशीचा माल गाभण गायीला तर कधीच घालू नये, गर्भ टाकायची भीती असते, आणि तेव्हा एक जर्सी पाच महिन्यांची गाभण होती, तिनं तोंड लावलं नाही हे माझं नशीब. दीडेकशे किलो माल गायरीत, शेणखताच्या खड्ड्यात गेला. आठ रुपयांनी हिशेब करा. मुलाला मी काही बोललो नाही, काय बोलणार.

दुसऱ्या वर्षी शहाणपण करून पन्नास किलोच्या लहान बॅगा घेतल्या, दीड-दोन दिवसांत संपते, तोंडाचा त्रास गेला. तर उंदीर. पावसात शेतात पाणी भरलं की सगळे उंदीर मांगरात, आणि त्यांना मक्याचा वास. बॅगेला बाहेरून बघितलं तर काही नाही, उघडली की एका बाजूला ताटलीएवढा काळा डाग, आणि डागाच्या बरोबर मधे बोट जाईल एवढं भोक. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन बॅगा तपासायच्या आणि चिकटपट्टी लावत फिरायचं. मांजर आणलं, मांजर बॅगांवर झोपतं. तिसऱ्या वर्षी खालून वीट, फळ्या, पिंजरे, सगळं केलं, फरक पडला, पण मी गोठेवाला आहे की रखवालदार हेच कळेना.

पेंढ्याला हे नाही. उडवी रचली, मधे खांब, खाली लाकडं, वर माडाची चुडतं (झावळ्या), वरची वीतभर काळी पडते आणि आत सोनं. मिरगाच्या आधी तिथून काढून गोठ्याच्या माळ्यावर. नंतर चार महिने कुणीही माळ्यावरून पेंढी ओढावी आणि गायीपुढे टाकावी. आई टाकते, शेजारचा मुलगा टाकतो, पाहुणा आला तर तोही हौसेनं टाकतो. अर्धी पेंढी राहिली तर राहिली, उद्या तीच. उंदीर पेंढ्यात पण असतात पण ते फक्त राहतात.

मात्र पेंढ्याच्या बाजूनं बोलतोय म्हणून त्याचं दुखणं लपवत नाही. मोठं दुखणं कंबाईन हार्वेस्टर. पूर्वी हातानं कापणी, झोडणी, सरळ लांब पेंढा. आता मशीन शेतात उतरलं की भात पोत्यात आणि पेंढा चिखलात तुकडे होऊन पडलेला, त्याची पेंढी बांधता येत नाही. मी माझे दोन कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, अजून हातानं कापून घेतो, मजुरी बघितली तर वेडेपणा आहे, पण ज्योती जातीच्या भाताचा पेंढा मऊ असतो आणि गायी तो पहिला संपवतात असं मला तरी वाटतं. कमी पडला तर वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, पेंढा शेजाऱ्यांकडून, तो मार्च-एप्रिलच्या उन्हात खडखडीत सुकतो त्यामुळे टिकायला चांगला. सरदाचा, म्हणजे पावसाळी भाताचा, पेंढा परतीच्या पावसात सापडला तर घेऊच नका, बाहेरून पिवळा दिसेल पण पेंढी सोडून मधे नाक घालून बघा, धूळ उडून शिंक आली तर बुरशी आहे. माळ्याचा पत्रा गळका असेल तर आधी पत्रा, मग पेंढा. आणि ज्याच्याकडे शेत नाही, माळा नाही, त्यानं पेंढा विकत घेऊन कुठे ठेवायचा, त्याला बॅगच सोपी हे मला पटतं.

तेव्हा परवाच्या त्या माणसाला, आणि अजून कुणाला हवं असेल त्याला, माझं म्हणणं एवढंच. दुभत्या सहाच्या वर असतील आणि रोज तोंड बांधणारं एकच पक्कं माणूस असेल तर मोठ्या बॅगा घ्या, माल भराभर संपतो, तापायला वेळच मिळत नाही, दूध जास्त मिळेल आणि मला नावं ठेवाल. दोन-तीन गायी आणि घरातलीच माणसं असतील तर युरियाचा पेंढा, बांधावर चार ओळी नेपियर गवत, आणि बाकी पेंड नेहमीची. दूध दोन बोटं कमी, मी ते सोडून दिलं. कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो, आमच्याच गावात एकाकडे मुरघास मस्त चाललाय, पण त्याचा भाऊ रिटायर होऊन घरी आहे.

मी पूर्ण सोडला नाही तसा. जर्सी यंदा ऑगस्टात विणार म्हणून तिच्यापुरत्या दहा लहान बॅगा सांगून ठेवल्यात, चिकटपट्टीचे चार रोल पण आणलेत. त्या बॅगा नेमक्या चवथीच्या सुमाराला उघड्या असणार, त्यामुळे पेडण्याला यंदा बायको आणि आईच जातील, हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.