सासूबाईंचं नाव राहिलं आणि फॉर्म रिजेक्ट झाला: अमेरिकेतल्या शाळेच्या फ्री-रिड्यूस्ड लंचचा अनुभव

गेल्या सप्टेंबरमध्ये नवऱ्याचा जॉब गेला. घराचा हप्ता चालू, मी डेकेअरमध्ये काम करते त्याचा पगार, आणि त्याला मिळणारं अनएम्प्लॉयमेंट (सरकारी बेरोजगारी भत्ता), एवढ्यात सगळं बसवायचं होतं. काय काय बंद करता येईल ते लिहायला बसलो तर शाळेचं लंच पहिल्या दोन-तीनातच आलं, कारण दोन मुलांचे पैसे ॲपमधून रोज कापले जायचे आणि परत त्यात पैसे टाकताना दर वेळी वेगळी फी पण लागायची. डबा देऊ असं ठरलं, दिला पण थोडे दिवस, पण माझी शिफ्ट सकाळी साडेसहाची आणि नवरा इंटरव्ह्यूच्या मागे, त्यात धाकटा पोळीभाजी तशीच परत आणायचा कारण वीस मिनिटांत त्याला ती संपवताच येत नाही.

तर हा रिव्ह्यू आहे नॅशनल स्कूल लंच प्रोग्रामचा, म्हणजे सरकारी शाळांमधलं जेवण आणि ते फ्री किंवा कमी पैशात मिळावं म्हणून करायचा अर्ज, दोन्हीचा. दर ऑगस्टला शाळेच्या कागदांच्या गठ्ठ्यात हा फॉर्म यायचा आणि मी तो न वाचता रिसायकलमध्ये टाकायचे. आपल्यासाठी नाहीच हे, असं डोक्यात पक्कं. आपल्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत असंच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. फॉर्ममध्ये मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न विचारत नाहीत, आत्ताचं उत्पन्न विचारतात. मला हेच माहीत नव्हतं. गेल्या वर्षीचा डब्ल्यू-टू (वर्षभराच्या पगाराचा टॅक्ससाठीचा कागद) बघून मी म्हणायचे की आपण कुठे बसतोय यात, आणि तसेच दोन महिने घालवले. जॉब गेला असेल, तास कमी झाले असतील, तर आजची जी परिस्थिती आहे ती लिहायची. आणि ऑगस्टची काही अट नाही, वर्षात कधीही अर्ज करता येतो, आम्ही नोव्हेंबरमध्ये केला.

मर्यादा घरातल्या माणसांवर ठरते. फेडरल पॉव्हर्टी लेव्हलच्या (सरकारने ठरवलेली दारिद्र्यरेषा) १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण पूर्ण फ्री आणि त्याच्या वर १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर रिड्यूस्ड, ज्यात लंचला जास्तीत जास्त ४० सेंट आणि ब्रेकफास्टला ३० सेंट घेता येतात. २०२५-२६ साठी चार माणसांच्या घराला फ्रीची वर्षाची मर्यादा ४१,७९५ डॉलर आणि रिड्यूस्डची ५९,४७८ डॉलर होती (अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे, जास्त आहेत). हे सगळं ग्रॉस वर बघतात हं, हातात येतो त्या पगारावर नाही, टॅक्स-इन्शुरन्स कापायच्या आधीचा आकडा. इथे बरेच जण बँकेत जमा झालेला आकडा टाकतात आणि मग नंतर पेस्लिप मागितली की जुळत नाही.

आता आमची चूक. मला दर दोन आठवड्यांनी १,४८० डॉलर मिळतात, म्हणजे वर्षाला २६ वेळा, ३८,४८० झाले. (दोन आठवड्यांनी आणि महिन्यातून दोनदा हे वेगळं आहे, दुसऱ्यात २४ ने गुणतात, फॉर्मवर दोन्हीचे वेगळे गोल असतात, बरोबर तोच भरा.) नवऱ्याचं अनएम्प्लॉयमेंट आठवड्याला ४५०, ते पण उत्पन्नच धरतात, वर्षाचे २३,४०० धरले. एकूण ६१,८८०. मी घरातली माणसं लिहिली चार, आम्ही दोघं आणि दोन मुलं. ५९,४७८ च्या वर गेलं, नाही म्हणून पत्र आलं. ते पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते, कारण आधी अर्ज करायलाच मनाची किती तयारी करावी लागली होती आणि वर नकार.

दुसऱ्या दिवशी ब्रेकमध्ये डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) फूड सर्व्हिस ऑफिसला फोन केला. ज्या बाई होत्या त्यांनी एकच प्रश्न विचारला, तुमच्या घरात अजून कोण राहतं? म्हटलं सासूबाई राहतात आमच्याकडेच, पण त्या कमवत नाहीत आणि त्यांचा शाळेशी काही संबंध नाही. त्या ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, घरात राहून ज्यांचा खर्च एकत्र चालतो ते सगळे लिहायचे, कमावत असोत नसोत, नात्यातले असोत नसोत. सासूबाईंच्या नावापुढे शून्य लिहा आणि परत पाठवा. पाच माणसांची रिड्यूस्डची मर्यादा ६९,६५३ होती. त्यात आम्ही सरळ बसत होतो. आपल्याकडे आई-वडील किंवा सासू-सासरे कायमचे सोबत राहतात अशी किती घरं आहेत, आणि फॉर्म भरताना आपण त्यांना मोजतच नाही, कारण आपल्या डोक्यात फॉर्म म्हणजे आईबाप आणि मुलं. कॉलेजला बाहेर राहणारं मूल तुमच्याच पैशावर असेल तर ते पण धरतात.

मग मंजूर झालं. कायद्याने त्यांना १० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, शाळा-ऑफिस चालू असलेले दिवस, त्यामुळे थँक्सगिव्हिंगची सुट्टी त्यात धरली नाही. त्या बाईंना माझे पूर्ण मार्क. फोनवर एकदाही मला असं वाटू दिलं नाही की मी काही मागायला आलेय.

अर्ज भरायच्या ॲपला मात्र मी दोन स्टार देईन. मोबाईलवर तिसऱ्या पानावर गेलं की मागचं सगळं पुसून जायचं, दोनदा झालं, शेवटी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून भरलं. आणि एक रकाना आहे सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांचा, तिथे बरेच जण घाबरतात. सही करणाऱ्या मोठ्या माणसाकडे नंबर नसेल तर बाजूलाच नंबर नाही असा चौकोन असतो, त्यावर टिक केली की चालतं. फॉर्ममध्ये व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझन, यातलं काहीही विचारत नाहीत. ज्यांच्याकडे स्नॅप (किराण्यासाठीची सरकारी मदत) चालू आहे त्यांनी तर उत्पन्नाचे आकडे भरायचीच गरज नाही, केस नंबर पुरतो, आणि बहुतेक वेळा डिस्ट्रिक्टच परस्पर यादी जुळवून मुलांना फ्रीमध्ये टाकतं.

अजून एक गोष्ट जी मला बोचली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खातं मायनसमध्ये गेलं होतं, मंजुरीनंतर पण ती बाकी माफ झाली नाही, आधीचं आधीच भरायचं. म्हणून म्हणतेय उशीर करू नका, आमचे दोन महिने निव्वळ संकोचात गेले आणि ते पैसे आम्हालाच भरावे लागले.

आता जेवणाबद्दल. मोठी सातवीत, धाकटा तिसरीत, आम्ही शाकाहारी. चीज पिझ्झा, बीन बरिटो, चीज क्वेसाडिया, पीनट बटर-जेलीचं सँडविच, दही आणि ग्रॅनोला, यात आठवडा निघतो. चवीला साधं आहे, मीठ कमी, मसाला नाहीच. पण आठवड्यात बीन्स, वाटाणे किंवा डाळी यातलं काहीतरी असावंच लागतं, धान्य बहुतेक होल ग्रेन लागतं, आणि २०२५-२६ पासून चॉकलेट मिल्कमध्ये वरून घातलेली साखर ८ औंसाला १० ग्रॅमच्या आत ठेवायची आहे, हे नियम मी वाचले तेव्हा बरं वाटलं. शाकाहार म्हणून वेगळी थाळी द्यायलाच हवी असा नियम नाही, ॲलर्जी किंवा आजारपण असेल तर डॉक्टरांचं लेखी घेऊन गेलात की त्यांना बदल करून द्यावा लागतो. मेन्यूमध्ये जिलेटिन किंवा मीट कुठे आहे ते आमच्या डिस्ट्रिक्टने साइटवर लिहिलंय, पण शोधायला वेळ लागतो.

एक गोष्ट मुलांना समजावून पाठवा. ट्रेमध्ये पाच गोष्टी असतात, फळ, भाजी, धान्य, प्रोटीन आणि दूध. आमच्याकडे पाचही घ्यायची सक्ती नाही, किमान तीन घ्यायच्या, पण त्यातलं एक फळ किंवा भाजी पाहिजेच, अर्धा कप. तसं नसेल तर सरकारच्या हिशोबात ते जेवण धरलंच जात नाही. मोठीने पहिल्या आठवड्यात फक्त सँडविच आणि दूध घेतलं, गाजर आवडत नाही म्हणून घेतलं नाही, आणि मला ॲपवर प्रत्येक पदार्थाचे सुट्याने पैसे कापलेले दिसले. मी चिडले, मग तिनेच सांगितलं की काउंटरवरच्या काकूंनी विचारलं होतं की ॲपल घेतेस का आणि ती नाही म्हणाली. आता ती सफरचंद घेते आणि नको असेल तर शेअर टेबलवर ठेवते, तिथे न उघडलेलं, न खाल्लेलं मुलं ठेवतात आणि ज्याला भूक असेल तो उचलतो. धाकटा तिथून रोज एक जास्तीचं दूध आणतो.

मला सगळ्यात जास्त भीती होती ती मोठीची. सातवीचं वय. मंजुरी आल्यावर तिने विचारलं, आई, सगळ्यांना कळेल का? मी तिला काय सांगणार, मलाच माहीत नव्हतं. ती संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, काहीच वेगळं नाही, सगळ्यांसारखा नंबर दाबायचा, मशीन टुक वाजतं आणि पुढे जायचं. पैसे कोणी भरले, किती भरले, हे मागे उभ्या असलेल्या मुलाला दिसत नाही. नंतर वाचलं की हा नियमच आहे, फ्री किंवा रिड्यूस्ड घेणारं मूल वेगळं ओळखू येता कामा नये, वेगळी रांग नाही, वेगळं तिकीट नाही. या एका गोष्टीसाठी मी या सगळ्या व्यवस्थेला मनापासून मानते.

मी स्वतः नव्वदच्या दशकात झेडपीच्या शाळेत शिकले. तेव्हा खिचडी नव्हती, हजेरी पुरेशी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे, आम्ही पिशव्या घेऊन जायचो. सरपंचाचा मुलगा पण त्याच रांगेत पिशवी घेऊन उभा असायचा, त्यामुळे लाज वाटावी असं कोणाच्या मनातही आलं नाही. इथे फॉर्म भरावा लागतो म्हणूनच तो संकोच येतो असं मला वाटतं. कोविडमध्ये २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्याच मुलांना फ्री होतं तेव्हा आमची मुलं रोज खात होती आणि आमच्या मनात एकदाही काही आलं नाही. आता कॅलिफोर्निया, मेन, कोलोरॅडो, मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांनी ते सगळ्यांसाठी चालू ठेवलंय, २०२५-२६ पासून न्यूयॉर्क पण आलं. बाकी राज्यांत पण ज्या शाळांत गरजू मुलं जास्त आहेत तिथे अख्खी शाळाच फ्री असू शकते, तेव्हा आधी शाळेत विचारा, कदाचित अर्जच लागणार नाही. आमच्या राज्यात लागतो. ते बदलायला हवं.

आणि हा प्रोग्राम काही परवा-परवा आलेला नाही, १९४६ मध्ये ट्रुमन राष्ट्राध्यक्ष असताना कायदा झाला. युद्धाच्या वेळी भरतीला आलेल्या कितीतरी तरुणांची तब्येत नीट खायला न मिळाल्यामुळे सैन्याच्या लायक नव्हती, ते डोळ्यासमोर होतं. आपण टॅक्स भरतो त्यातूनच हे चालतं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग आपण घेतो ते आपलंच की.

मार्चमध्ये अनएम्प्लॉयमेंटचे २६ आठवडे संपले. उत्पन्न फक्त माझा पगार, ३८,४८०, पाच माणसांची फ्रीची मर्यादा ४८,९४५. परत अर्ज केला, यावेळी पाचही नावं, आठवड्याभरात फ्री झालं. एप्रिलमध्ये नवऱ्याला काम मिळालं. मी लगेच ऑफिसला फोन केला की आता उत्पन्न वाढलंय, कळवायला हवं ना, तर त्या म्हणाल्या की एकदा मंजूर झालं की ते वर्षभर राहतं, मध्येच कळवायची सक्ती नाही. पुढच्या शाळेच्या वर्षातले पहिले ३० दिवस पण जुनंच चालू राहतं, तेवढ्यात नवीन अर्ज भरायचा. फक्त एक, थोड्या अर्जांची तपासणी होते, पेस्लिप मागणारं पत्र येतं, त्याला उत्तर दिलं नाही तर जेवण बंद होतं. माझ्या मैत्रिणीचं तसं झालं, पत्र जंक मेल समजून टाकलं होतं. तिने मग पेस्लिपा पाठवून परत अर्ज केला.

उन्हाळ्यासाठी पण बघून ठेवा, ज्या राज्यांनी सन बक्स (उन्हाळ्याच्या सुट्टीतली सरकारी मदत) घेतलंय तिथे मंजूर झालेल्या प्रत्येक मुलामागे १२० डॉलरचं किराण्याचं कार्ड मिळतं. सुट्टी लागायच्या आधी शाळेकडचा पत्ता बरोबर आहे ना ते तपासा, कार्ड पोस्टाने येतं.