पोटावरची पिशवी की आतड्याचं मूत्राशय?

कॅन्सरमुळे मूत्राशय काढावं लागणार, हे पचायच्या आत डॉक्टर पुढचा प्रश्न टाकतात: लघवीची वाट कुठून काढायची? ठाण्यात काकांच्या वेळी घरातल्या सगळ्यांचं उत्तर तयार होतं, "पिशवी नको." पिशवी नको म्हणजे त्याऐवजी काय पत्करायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पिशवीची पद्धत म्हणजे इलियल कॉन्ड्युट. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ब्रिकर यांनी ती रूढ केली. लहान आतड्याच्या साधारण १५-२० सेंटीमीटर तुकड्याला किडनीकडून येणाऱ्या दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचं तोंड बेंबीच्या उजव्या अंगाला, थोडं खाली काढतात. हे तोंड म्हणजे स्टोमा. लघवी तिथून सतत झिरपते, म्हणून वर पिशवी. दुसरी पद्धत निओब्लॅडर, म्हणजे आतड्याचं नवं मूत्राशय. त्याला ४० ते ६० सेंटीमीटर आतडं लागतं. ते उभं चिरून त्याचा गोळा शिवतात आणि मूळच्या मूत्रमार्गाला जोडतात. बाहेरून काही दिसत नाही आणि घरच्यांना नेमकं तेच हवं असतं.

खरा फरक रात्री कळतो. आतड्याच्या गोळ्याला 'लघवी लागली' हे जुन्यासारखं कळत नाही. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी उठायचं, बसून, पोटावर जोर देऊन करायची. दिवसाचा ताबा बहुतेकांना काही महिन्यांत येतो; झोपेत गळणं अनेकांचं वर्षांनंतरही राहतं. काकांच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली. संध्याकाळी तलावपाळीला मजेत फेऱ्या मारतात, पण रात्री दोनचा गजर सुटलेला नाही. काकू म्हणते, "गजर यांचा, जाग माझी." पिशवीवाला माणूस झोपताना नळीने मोठी पिशवी जोडतो आणि सकाळीच उठतो.

याच्या उलट त्रासही असतो. निओब्लॅडर काहींचं पूर्ण रिकामंच होत नाही, बायकांमध्ये हे जास्त. मग रोज स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालावा लागतो. आज हात स्थिर असेल. पंचाहत्तरीत असेल का?

पिशवीचं दुखणं वेगळं. वर्षं जातात तशी स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो, तोंड आकसू शकतं. आपल्याकडच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत घामाने चिकटपट्टी सुटते, खालची कातडी सोलवटते. यातला बराच त्रास जागा नीट निवडली तर टळतो. ऑपरेशनआधी स्टोमाची खूण करताना बसून, वाकून दाखवा. साडी नेसणाऱ्या बाईने परकराची नाडी कुठे येते ते सांगायलाच हवं. लोक लाजतात आणि पुढे रोज भोगतात.

किडनीच्या बाबतीत मात्र कुणी सुटत नाही. दोन्हींत मूत्रवाहिनीचा जोड आकसू शकतो, जंतुसंसर्ग होतो, किडनीचं काम वर्षागणिक मंदावू शकतं. लघवी आतड्याला लागून राहिल्याने रक्तात आम्ल वाढतं. निओब्लॅडरमध्ये ती साठते, म्हणून जास्त. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता काही वर्षांनी हळूच उगवते, कारण शरीरातला साठा तोवर पुरतो. म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), बी-१२ आणि सोनोग्राफी, कॅन्सर बरा झाला तरी जन्मभर.

किडनी आधीच कमजोर असेल किंवा मूत्रमार्गाच्या कडेला कॅन्सर सापडला, तर निओब्लॅडरचा प्रश्नच उरत नाही. बाकीच्यांनी 'कॅन्सर कशाने परत येणार नाही' या हिशेबाने निवडू नये. रुग्ण योग्य निवडला असेल तर त्या बाबतीत दोन्ही सारख्याच. जगणं कशात सुखाचं, यावरही अभ्यासांत एकीचा निर्विवाद विजय झालेला नाही.

माझा कल सांगतो: साठीच्या आतला, हात चालणारा, चिकाटीचा माणूस असेल तर निओब्लॅडर. सत्तरीपुढचा, झोपेवर दिवस अवलंबून असलेला असेल तर पिशवी, बिनदिक्कत. तरी ठरवण्याआधी पिशवीत थोडं पाणी भरून दोन दिवस पोटावर लावा आणि ठाण्याहून वाशीपर्यंत लोकलने जाऊन या. तिसऱ्या रात्री दर तीन तासांचा गजर लावा.