फियाट की एसयूव्ही? दोन्ही चालवल्यावरचा अनुभव

घरात 1985 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आमची फियाट, होतीच. गेल्या पावसाळ्यात तिच्या शेजारी 1.2 लिटर टर्बो पेट्रोलची एसयूव्ही आली. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खालचं बरंचसं या आकाराच्या कुठल्याही गाडीला लागू पडेल.

लांबीला दोघी चार मीटरच्या आतच. रुंदीत मात्र फियाट दीड मीटरलाही कमी, नवी 1.8 मीटर. सदाशिव पेठेत दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असल्या की हा फुटभराचा फरक काय ते कळतं. त्याहून मोठा फरक बाहेरचं दिसण्यात आहे. फियाटचे काचांमधले, छप्पर पेलणारे खांब बोटभर, काचा मोठ्या, बॉनेटची दोन्ही टोकं समोर दिसतात. मागे घेताना नुसती मान वळवली की काम झालं. एसयूव्हीत उंच बसूनही पुढच्या जाड खांबाआड अख्खा दुचाकीवाला लपतो, आणि रिव्हर्स पूर्ण कॅमेऱ्याच्या भरवशावर. पावसात त्या कॅमेऱ्यावर चिखल बसला की संपलंच.

पण तो खांब उगाच जाड नाही. गाडी उलटली तर छप्पर त्यावरच तोलायचं असतं. फियाटच्या मागच्या सीटला बेल्टसुद्धा नाही, एअरबॅग तर सोडाच. म्हणून हायवेला मुलं असतील तर एसयूव्हीच, यावर घरात चर्चा होत नाही.

खंबाटकी घाटात 1089 सीसीच्या, चाळीसेक हॉर्सपॉवरच्या इंजिनाला दुसऱ्या गिअरवर ट्रकमागे रांगावं लागतं. उतरताना चारही ड्रम ब्रेक तापू नयेत म्हणून गिअर खालीच ठेवायचा. उन्हाळ्यात चढावर पेट्रोलची पाइपात वाफ होऊन गाडी बंद पडली, तर इंजिनाजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून चहा प्यायचा. एसयूव्हीला घाट आला हेच कळत नाही (झोप येते, हा तिचा दोष की माझा?).

एसी मात्र नवीचाच. फियाटची तिकोनी काच वारा थेट छातीवर घेते, पण गाडी चालू असेपर्यंतच, सिग्नलला घाम.

खर्चाचं सांगायचं तर शहरात दोघींचं अ‍ॅव्हरेज फारसं वेगळं पडत नाही. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी फियाटचे जुने रबरी पाइप बदलून घेतले; तुमचे अजून जुनेच असतील तर हे आधी करा. ठिणगीचे पॉइंट आणि कार्बोरेटर घरी साफ होतात, एसयूव्हीच्या डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागला की स्कॅनर जोडल्याशिवाय कुणी हात लावत नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये थांबल्या, तेव्हापासून सुट्या भागांसाठी मला जास्त फिरावं लागतंय. क्लच प्लेट आणि ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे किट दिसले की घेऊन ठेवतो.

एकच गाडी परवडत असेल तर एसयूव्ही घ्या. घरात फियाट असेल आणि हाताशी तिचा जुना फिटर असेल, तर विकू नका; भाजीला आणि पेठेत तीच काढा.