फोनमधला ब्यूटी मोड: आधी फोन नाक फुगवतो, मग हा मोड ते बारीक करून देतो

ब्यूटी मोड म्हणजे फोटोतला चेहरा आपोआप ‘सुधारणारी’ कॅमेऱ्यातली सोय. त्याची पहिली खोड अशी की बऱ्याच फोनमध्ये तो मुळातच चालू असतो. नव्या फोनवरच्या पहिल्याच सेल्फीत चेहरा गुळगुळीत येतो, आणि पुढे महिनोन्‌महिने तोच आपला चेहरा म्हणून डोळ्यांत बसतो. मग एखाद्या दिवशी मैत्रिणीच्या फोनवर साधा फोटो निघतो आणि मुलगी हिरमुसते: मी अशी दिसते?

हा मोड आधी डोळे, नाक, ओठ, जबडा यांच्या जागा शोधतो. त्वचेवरचा बारीक पोत पुसतो, त्यात मुरुमांबरोबर रोमछिद्रं, लव, कधी तीळही जातो. मग जबड्याकडचे पिक्सेल आत ओढतो, डोळे मोठे करतो, नाक चिमटतो. यातला बदल किती हवा ते पडद्यावर सरकवायच्या पट्ट्यांनी ठरवता येतं. काही अ‍ॅपमध्ये कंबर आणि पायांसाठीही अशाच पट्ट्या असतात.

तो किती ओढतो हे पाहायचं असेल तर चौकटीचं कापड गालाजवळ धरा आणि ‘चेहरा बारीक’ची पट्टी शून्यापासून टोकापर्यंत सरकवा. गालाशेजारच्या रेषा आत वाकताना दिसतील. चेहऱ्यावरून हात फिरवला तर अनेकदा जबडा क्षणभर मूळ जागी उडी मारतो. रंग उजळणारी पट्टी आम्हाला सर्वांत वाईट वाटते. सावळ्या त्वचेतली ऊब जाऊन राखाडी झाक उरते, आणि मान व हात मूळ रंगाचेच राहिल्याने चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो. गोरं म्हणजे सुंदर हा जुना हट्ट इथे ‘सुधारणा’ या नावाने येतो, म्हणून तो जास्त खटकतो.

पण खरी गोम अंतरात आहे. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक कानांपेक्षा लेन्सच्या बरंच जवळ असतं, त्यामुळे ते मोठं आणि कान लहान दिसतात. 2018 साली प्लास्टिक सर्जरीच्या एका नियतकालिकात याचं गणित प्रसिद्ध झालं: सुमारे 30 सेंटिमीटरवरून नाक खऱ्या प्रमाणापेक्षा जवळपास 30 टक्के रुंद भासतं, दीड मीटरवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. म्हणजे जवळून धरलेला फोन दोष तयार करतो आणि ब्यूटी मोड त्यावर उपाय देतो. नाक लहान करायचंय म्हणून डॉक्टरांना सेल्फी दाखवणाऱ्या मुलीला हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

त्यामुळे आमची शिफारस अशी. कॅमेरा सेल्फीवर ठेवून ब्यूटीच्या सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा. फक्त ‘ऑटो’ बंद करून भागत नाही. पोर्ट्रेट आणि व्हिडिओ मोडमध्ये वेगळ्या पट्ट्या असू शकतात, तिथेही पाहा. व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपमध्ये चेहरा मऊ करणारी सोय स्वतंत्र असते; तिथे स्वतःची चौकट लपवता आली तर तीही लपवा, तासभर स्वतःलाच न्याहाळणं टळतं. चांगला फोटो हवा असेल तर मागचा कॅमेरा, टायमर, दीड मीटर अंतर, दुप्पट झूम आणि समोरून खिडकीचा उजेड एवढं पुरतं. पुरळ फारच नकोसं असेल तर फोटो निघाल्यावर तेवढाच डाग पुसा. पुरळ तसंही काही दिवसांत जाणार असतं, जबडा मात्र तिथेच राहणार.

नॉर्वेत 2022 पासून जाहिरातीतलं शरीर किंवा त्वचा बदलली असेल तर तसं लिहावं लागतं. चांगलं पाऊल आहे, पण मैत्रिणीच्या सुट्टीच्या फोटोंना ते लागू नाही, आणि तुलना तर तिथेच जास्त होते. गटातल्या पाच जणींनी पट्टी चढवली की सहावीची साधी त्वचा खडबडीत भासू लागते. तिच्या फोटोवर ‘बारीक झालीस’ किंवा ‘जाड झालीस’ यांपैकी काहीच लिहू नये, हे घरातल्या मोठ्यांनाही लागू.

एखादी मुलगी दिसण्यातल्या एखाद्या दोषाच्या विचारात रोज तासाहून जास्त वेळ घालवत असेल, फिल्टरशिवाय कॅमेऱ्यासमोर यायलाच नकार देत असेल, तर सेटिंग बदलून भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. त्यावर उपचार आहेत.

शेवटचं, नेहमी निसटणारं: फोटो काढतानाच लागलेला ब्यूटी मोड बहुतेक वेळा चित्रातच मुरतो आणि मूळ प्रत उरत नाही. घरचं कार्य असो की आजीबरोबरचा फोटो, पट्ट्या आधी शून्यावर आणा. नाहीतर आजीच्याही सुरकुत्या जातात.