सहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, चार वर्षांनंतर

माझ्या आउटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायच्या इंजिनाचं, वजन २६ किलो आहे. माहितीपत्रकात हा आकडा तळाशी, बारीक अक्षरात असतो. घेणारे हॉर्सपॉवर विचारतात, पेट्रोल किती खातं ते विचारतात; वजनाचं नाव कुणी काढत नाही. मी मात्र तेच आधी विचारलं, कारण होडी मी एकटीच चालवते आणि प्रत्येक फेरीनंतर इंजिन उतरवून, धुऊन, शेडमध्ये टांगणारीही मीच. आता ३१० तास झाले (तासांची वही ठेवली आहे), तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला हरकत नाही.

होडी १७ फुटी, फायबरची, जड बांध्याची. पाण्याच्या रेषेवरची लांबी १६ फूट. अशी होडी पाण्यावर उचलली जात नाही, पाणी कापत जाते, आणि तिच्या वेगाला तिच्या लांबीचाच लगाम असतो. पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचं, फुटांत, वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतो. १६ चं वर्गमूळ ४, म्हणजे ५.३६ नॉट. त्यापुढे ताकद वाढवली की होडी मागून बसते, पुढचं टोक वर येतं आणि पेट्रोल फक्त लाटा उठवण्यात जातं. विक्रेत्याने ८ चं इंजिन सुचवलं होतं. ८ आणि ९.९ ची इंजिनं बहुतेक दोन सिलिंडरची, ३७ ते ४० किलोंची. ती जादा ताकद माझ्या होडीच्या उपयोगाची नव्हती, आणि ते जादा वजन दर फेरीला माझ्या कमरेवर आलं असतं.

मग ४ चं का नाही? ह्याचं उत्तर दुकानात सहसा कुणी आपणहून देत नाही. यामाहा, सुझुकी, होंडा, तोहात्सू, मर्क्युरी, कुणाचंही घ्या. ४, ५ आणि ६ हॉर्सपॉवरची चार-स्ट्रोक इंजिनं मुळात एकच असतात. एक सिलिंडर, कंपनीप्रमाणे १२३ ते १३९ सीसी. ब्लॉक तोच, वजनही जवळपास तेच. म्हणून ४ चं घेऊन उचलायला काही हलकं होत नाही. खरोखर हलकं हवं असेल तर सरळ अडीच हॉर्सपॉवरच्या आसपास उतरावं. तिथे वजन बरंच उतरतं, होंडाचं २.३ चं तर हवेवर थंड होणारं, साडेतेरा किलोंचं आहे. पण त्या इंजिनांना रिव्हर्स गिअर नसतो, मागे यायला अख्खं इंजिन फिरवावं लागतं. दहा-अकरा फुटांच्या हलक्या होडीला ते छान. जड होडी वाऱ्यात धक्क्याला लावायची तर मला रिव्हर्स हवाच.

ह्याआधी बाबांचं जुनं दोन-स्ट्रोक होतं. पेट्रोलच्या पन्नास भागांत एक भाग ऑइल मिसळायचं, दोरी ओढायची, निळा धूर आणि मागे पाण्यावर तेलकट इंद्रधनुष्य. २० किलोंचं होतं आणि कसंही आडवं टाकलं तरी चालायचं. ह्या दोन गोष्टींसाठी आजही त्याची आठवण येते. (ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये जे आउटबोर्ड विकायला काढलं ते ६२ पौंडांचं, म्हणजे सुमारे २८ किलोंचं होतं आणि ताकद दीड हॉर्सपॉवर. माझं उचलताना मला हे हटकून आठवतं आणि जरा बरं वाटतं.)

हॉर्सपॉवर ठरल्यावर दांड्याची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे (प्रॉपेलरकडे) जाणाऱ्या भागाची, लांबी. ह्यात चूक झाली तर इंजिन कितीही चांगलं असो, उपयोग नाही. आखूड दांडा १५ इंचांचा, म्हणजे ३८१ मिमी. लांब दांडा २० इंचांचा, ५०८ मिमी. होडीची मागची फळी मधोमध, वरच्या कडेपासून तळापर्यंत सरळ उभी मोजायची. माझी १९ इंच भरली. आखूड दांड्याचं इंजिन त्या दिवशी तयार होतं, लांब दांड्यासाठी तीन आठवडे थांबावं लागणार होतं. मी थांबले. पंख्याच्या वरची ती आडवी सपाट प्लेट होडीच्या तळाच्या किंचित खाली राहायला हवी. आखूड दांडा लावला असता तर ती तळाच्याही वर राहिली असती, पंख्याने लाटेलाटेला हवा ओढली असती आणि इंजिन रिकामंच किंचाळलं असतं.

चालवायला इंजिन उत्तम आहे. थंडीत चोक ओढून दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला लागतं, गरम असेल तर पहिल्या. अर्ध्या थ्रॉटलवर तासाला एक लिटरच्या आसपास पेट्रोल पितं आणि होडीचा साडेचार नॉटचा वेग राखतं. त्या वेगात शेजारी बसलेल्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. मंद चालताना मात्र एका सिलिंडरचा हादरा मागच्या फळीतून बाकापर्यंत येतो. तो ह्या आकाराच्या सगळ्याच इंजिनांत असतो. त्याच हादऱ्याने फळीवरचे दोन्ही क्लॅम्प-स्क्रू सैल होतात. निघाल्यावर दहा मिनिटांनी हाताने पुन्हा एकदा आवळायचे आणि इंजिनाला वेगळी दोरी बांधलेली असायलाच हवी. लाल रंगाची किल-कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला, प्रत्येक वेळी, पाच मिनिटांच्या फेरीलासुद्धा. एकटं माणूस पाण्यात पडलं आणि होडी चालतच राहिली तर ती पोहून पकडता येत नाही.

आता त्रासाचं. पहिल्या वर्षी दोन महिने होडी काढलीच नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसंच राहिलं. नंतर इंजिन लागायचं, पण चोक ढकलला की बंद. ओढून ठेवला की चालू. मी प्लग बदलला, पेट्रोल बदललं, काही फरक नाही. शेवटी मिस्त्रींना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, चोकवर चालतंय ना? मग इंजिन धडधाकट आहे. बारीक जेट बुजलंय."

जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल ज्या बारीक भोकातून जातं तो भाग; तो मी तेव्हा पहिल्यांदा बाहेर काढून पाहिला. पितळेचं, करंगळीच्या नखाएवढं, आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. उजेडासमोर धरलं तर आरपार काही दिसेना. आत पिवळसर राळ धरली होती. पेट्रोल उडून गेलं की मागे उरते तीच. तार घालायची नाही, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की ते जेट कायमचं बिघडलं. कार्बोरेटर क्लीनर फवारला, अर्धा तास ठेवलं, मग गळाच्या नायलॉन दोरीचा एक पातळ तुकडा हलकेच फिरवला आणि फुंकर मारली. पुन्हा उजेडासमोर धरलं तर टाचणीच्या टोकाएवढा एक स्वच्छ गोल ठिपका. इंजिन पहिल्या ओढीला मंद, एकसारखं चालू लागलं.

तेव्हापासून आठवड्याहून जास्त थांबणार असेन तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवते. पण तेवढ्याने भागत नाही. इंजिन विझतं तेव्हा कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल तळाला उरतंच आणि राळ त्याचीच धरते. वाटीच्या खाली एक छोटा स्क्रू असतो. तो सैल करून उरलेलं फडक्यावर काढून घ्यायचं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे टाकीत महिनोन्महिने भरून ठेवू नये. जुनं पेट्रोल मी होडीत वापरतच नाही.

दुसरा प्रसंग तिसऱ्या वर्षीचा. इंजिनाच्या मागून पाण्याची एक धार सतत पडत असते. थंड करणारं पाणी वर पोहोचतं आहे, ह्याची ती खूण. माझ्या इंजिनाला तापल्याचा इशारा देणारा भोंगा नाही, म्हणून मी दर काही मिनिटांनी मागे वळून धार बघते. त्या दिवशी ती करंगळीएवढी असायची ती दोऱ्याएवढी झाली. इंजिन लगेच बंद केलं. धारेच्या तोंडात नायलॉनची दोरी घातली, कधी कधी तिथेच कचरा अडकतो. पुन्हा सुरू केलं, आता थेंब थेंब. मग वल्ही काढली आणि पाऊण तास वल्हवत आले.

घरी इंजिनाचा खालचा पाय, म्हणजे गिअर आणि पंखा असलेला भाग, उतरवला. गिअरच्या सळईचा जोड आधी सोडायचा, मग बोल्ट, मग पाय सरळ खाली ओढायचा. पंपाचं झाकण उघडलं तर इम्पेलरच्या, म्हणजे पाणी वर ढकलणाऱ्या रबरी चक्राच्या, सहा पात्यांपैकी दोन मुळापासून तुटलेल्या, उरलेल्या चार एकाच दिशेला वाकून तशाच कडक झालेल्या. नवा इम्पेलर बसवण्याआधी तुटलेले तुकडे शोधणं हे खरं काम. एक पंपातच मिळाला. दुसरा नव्हता. पाणी वर नेणाऱ्या नळीत उलट्या बाजूने पाण्याचा पाइप लावला, तेव्हा तो काळा तुकडा टपकन खाली पडला. तो आत राहिला असता तर नव्या इम्पेलरनेही पाणी चढलं नसतं.

नवा इम्पेलर साबणाच्या पाण्याने ओला करायचा आणि दांडा वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत झाकण दाबायचं, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतात. दांड्याच्या बाजूच्या खाचांना ग्रीस लावायचं, वरच्या टोकाच्या सपाट तोंडाला नाही. तिथलं ग्रीस दाबलं जातं आणि दांडा पूर्ण बसत नाही. पाण्याची नळी आपल्या रबरात शिरली ना, हे टॉर्च मारून बघायचं. मला पहिल्या वेळी अडीच तास लागले. यंदा चाळीस मिनिटं.

आणि जुना इम्पेलर तुटला तो माझ्यामुळे. स्टँडवर लावल्यावर "लागतं का बघू" म्हणून मी पाण्याशिवाय इंजिन पाच-दहा सेकंद चालवायची. त्या रबराला पाणी हेच वंगण, कोरडं फिरलं की काही सेकंदांत भाजतं. आता पाइप लावून पाणी सुरू झाल्याशिवाय दोरीला हात लावत नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवते आणि इम्पेलर दर दोन वर्षांनी, चांगला दिसला तरी, बदलते.

इंजिनाचं ऑइल बदलणं सोपं आहे, साधारण अर्धा लिटर लागतं, मरीन चार-स्ट्रोकचं. पहिलं १० तासांनी बदललं, मग दर १०० तासांनी. पण ऑइल काढायचा बोल्ट अशा जागी दिला आहे की काळं ऑइल पायावरून ओघळतच खाली येतं. मी बाटलीचा अर्धा भाग कापून पन्हाळीसारखा लावते. इंजिन बनवताना ह्या बोल्टखाली बोटभर ओठ काढला असता तर हा घाणेरडेपणा टळला असता. पेट्रोलचा फिल्टरही असाच, दोन पाइपांच्या मागे. काढायला लांब नाकाचा पक्कड लागतो. ह्या दोन गोष्टींचे मी गुण कापते. आणि आडवं ठेवायचं ते पुस्तिकेत दाखवलेल्या बाजूवरच, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं. ती बाजू ओळखायला झाकणाखाली रबराच्या बुटक्या गोट्या दिल्या आहेत, ते मात्र चांगलं केलं आहे.

ॲनोड, म्हणजे पंख्याच्या वरचा तो करडा धातूचा तुकडा, अर्धा झिजला की बदलायचा. खाऱ्या पाण्यात जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा, गोड्यात मॅग्नेशियमचा. त्याला रंग लावायचा नाही. रंग दिला की तो झिजत नाही आणि त्याच्याऐवजी पाय झिजतो.

बॅटरीवरच्या मोटरबद्दल विचारणाऱ्यांसाठी एवढंच: एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. एक किलोवॉट-तासाची बॅटरी १,००० वॉटवर, म्हणजे सुमारे १.३ हॉर्सपॉवरवर, तासभर चालेल. शांत पाण्यात अर्ध्या तासाच्या फेऱ्या असतील तर जरूर घ्या. माझ्या फेऱ्या तीन-तीन तासांच्या असतात.

पुन्हा घ्यायचं झालं तर मी हेच घेईन. फक्त एका गोष्टीवर सध्या माझं लक्ष आहे. ३०० तासांना गिअर ऑइल काढलं तेव्हा ते किंचित दुधाळ निघालं, म्हणजे पाणी आत शिरतंय. मी मागच्या वेळी स्क्रूंचे वॉशर जुनेच लावले होते, तेच कारण असावं. नवे वॉशर घातले, खालच्या भोकातून ऑइल वरच्या भोकापर्यंत चढवलं, आधी वरचा स्क्रू बंद केला, मग खालचा. पाणी जड, ते तळाला बसतं, म्हणून इंजिन रात्रभर उभं ठेवून सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल केला की पहिल्याच थेंबात कळतं. थेंब स्वच्छ आला तर वॉशरच होता. पाणी आलं तर पंख्याच्या दांड्याचं सील बदलावं लागेल, आणि ते मी अजून कधी केलेलं नाही. वहीत लिहून ठेवलं आहे: ३२० तास, खालचा स्क्रू.