ब्रॉयलरच्या खाद्यात खायचा सोडा: मार्च ते ऑगस्ट, तीन बॅच

आधी निपलचं सांगतो, म्हणजे पक्षी चोच मारून पाणी पितात त्या पाइपावरच्या तोटीचं, कारण लिहायला बसलो ते त्यापायीच. मार्चच्या बॅचला तिसावा दिवस होता. दुपारी शेडमध्ये गेलो तर मागच्या एका लाइनखाली पक्षी चोची आपटतायत आणि पाण्याचा थेंब नाही. निपल खोलला तर आत शेंबडासारखा बुळबुळीत थर. उन्हाळा म्हणून तीन आठवडे पाण्यातून इलेक्ट्रोलाइट पावडर चालू होती. पाकीट उलटून वाचलं, तर घटकांमध्ये पहिलं नाव डेक्स्ट्रोज. तापलेल्या पाइपात दिवसभर साखरपाणी ठेवल्यावर दुसरं काय होणार? विक्रेत्याला फोन लावला तर म्हणे, "शेठ, लाइन धुवत नसाल." त्या दिवशी एकवीस पक्षी गेले, आणि वर हे ऐकून घ्यायचं.

पाकिटावर आणखी एक गोष्ट सापडली नाही, ती म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड प्रत्येकी किती. मग आपण विकत काय घेतो? ओळखीच्या पशुवैद्यांनी खाद्याच्या आम्ल-अल्कली तोलाचं गणित कागदावर मांडून दिलं: किलोभर खाद्यातलं सोडियम अधिक पोटॅशियम, त्यातून क्लोराइड वजा, सगळं मिलीइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे वजनात नाही तर विद्युतभाराच्या मापात. मोंजँ या फ्रेंच संशोधकानं १९८१ मध्ये २५०च्या आसपासचा आकडा सुचवला, तोच आजही सगळे धरून चालतात. २०० ते ३०० मध्ये असलं तरी बहुतेकदा भागतं. मी खाद्य स्वतःच मिसळतो. ६२ टक्के मका, ३० टक्के सोयापेंड, टनाला ३ किलो मीठ, २ किलो लायसिन (एक अमिनो आम्ल). पोटॅशियमचे २०५ आले, त्यातले बहुतेक सोयापेंडीतून. सोडियमचे ६५. क्लोराइडचे ७५ वजा. उरले १९५.

मला वाटलं, मीठ वाढवू, सगळ्यात स्वस्त. डॉक्टर हसले. मिठात सोडियम आणि क्लोराइड जोडीनं येतात. टनाला एक किलो मिठानं १७ चढतात, १७ उतरतात, आकडा जागेवर. शिवाय आपण वापरतो ते लायसिन हायड्रोक्लोराइड, म्हणजे तेही गुपचूप क्लोराइड घालतं, माझ्या प्रमाणाला ११. त्यापेक्षा खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, बरा, त्यात क्लोराइड नाही. टनाला एक किलो घातला की १२ वाढतात.

उन्हाळ्यातच हे का, तर कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकते, धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि रक्त अल्कलीकडे झुकतं. ते सावरायला मूत्रपिंड बायकार्बोनेट टाकून देतं, त्याच्यासोबत सोडियम-पोटॅशियमही जातं. मग आधीच अल्कली झालेल्या पक्ष्याला सोडा कशाला, हे मीही विचारलं. गेलेलं भरून निघतं, आणि सोडियममुळे पक्षी पाणी जास्त पितो, हे उत्तर. उलट दिशेनं जाणारं अमोनियम क्लोराइडही प्रयोगांत वापरलेलं आहे. पण क्लोराइड फार वाढलं की पायांची हाडं बिघडतात, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

मे महिन्याची बॅच. खाद्य तयार होतं, पुन्हा मिसळायची मजुरी वाचवावी म्हणून सोडा टाकीतच ओतला. आमच्या बोअरचं पाणी जड. चार दिवसांत निपलच्या पिनांवर पांढरा खडू बसला, आणि पुन्हा तेच, चोची आपटणं. या वेळी विक्रेत्याला फोन केला नाही.

तेव्हापासून सोडा खाद्यातच, टनाला ३ किलो. टाकीत एकदा टाकलाच तर लसीच्या किंवा क्लोरीनच्या दिवशी तरी टाकू नका, सामू (पीएच) चढला की क्लोरीन लुळं पडतं. निकाल? चमत्कार नाही. दुपारी बारा ते चार फीडर वर उचलणं आणि फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) चालू ठेवणं, मर त्यानंच जास्त थांबली. फरक दिसला तो संध्याकाळी: पक्षी उठून खायला येत होते, मार्चसारखे पंख पसरून पडून राहत नव्हते. आणि तीन किलो सोडा एका पाकिटाहून स्वस्त पडतो, माझ्यासाठी तेवढं पुरे.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर पाच तारे दिले असते. पण जुलैची बॅच काढली त्याच फॉर्म्युल्यावर, सवयीनं. पाऊस, गारवा, धाप नाही, तरी पक्षी पाणी पीतच होते. तिसऱ्या आठवड्यात तुसाची गादी चिखल झाली, शेडमध्ये शिरलं की अमोनियानं डोळे चुरचुरायचे, तळपायांना फोड. चौदा पोती कोरडं तूस वरून टाकलं, उन्हाळ्यात वाचवलेले पैसे तिथं गेले. मग बोअरचं पाणी तपासून घेतलं. सोडियम त्यातही होतं, आणि ते मी गणितात धरलंच नव्हतं. आता पावसाळ्यात सोडा एक किलो, मीठ अडीच. गादी हातात धरली की पुन्हा भुरभुरते.

सोड्याला चार तारे, तेही उन्हाळ्यापुरते. पावडरीला एक. तिची दोन न फोडलेली पाकिटं पडून आहेत, विक्रेता परत घेत नाही. निपल एकूण चौतीस बदलले. त्यातले किती साखरेनं गेले आणि किती माझ्या सोड्यानं, ते मोजायचं मी टाळलंय.